दत्तोबांनी वसवलेला देव

कारखान्यात कुणाची बोटं जाऊ नयेत म्हणून यंत्रांना जाळ्या बसवण्यात दत्तोबांची नोकरी सरली. निवृत्त झाले आणि इकडे विश्रांतवाडीचा रस्ता रुंद झाला. लेक चैताली रोज सकाळी तो ओलांडून हिंजवडीच्या कंपनीची बस धरायची. ती पलीकडे पोचेपर्यंत दत्तोबांचा जीव टांगणीला.

गतिरोधक मागायला ते महापालिकेच्या कचेरीत गेले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आजोबा, किती माणसं गेली तिथे?"

"अजून कुणी नाही."

"मग इतक्या गाड्या रोज कशाला अडवायच्या? खर्च किती, फायदा किती, हे बघावं लागतं आम्हाला. कुणी गेलं तर या."

"मीच गेलो तर अर्ज कोणी आणायचा, तेवढं सांगून ठेवा," म्हणत दत्तोबा उठले.

माणसासाठी न थांबणारी गाडी देवापुढे हळू होते, हे त्यांनी पाहिलं होतं. एका पहाटे नदीकाठचा गोटा आणून त्यांनी चैताली रस्ता ओलांडायची त्या घराजवळच्या वळणावर ठेवला. शेंदूर फासला, जास्वंद वाहिली, मनोमन क्षमा मागितली. काही दिवसांत तिथे नारळ फुटू लागले. गाड्याही खरंच मंदावल्या.

"बाबा, फुकटात काम झालं की!" चैताली हसली.

श्रावणात रस्ता ओला होता. स्कूटरवरच्या एका भाविकाने देव दिसताच डोळे मिटले, हात कपाळाला नेला. चाक घसरलं आणि रस्ता ओलांडणारी चैताली खाली सापडली. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

इस्पितळातून दत्तोबा थेट पहार घेऊन वळणावर गेले. लोकांनी त्यांना मागे ओढलं.

"अहो, मीच आणलेला दगड आहे हो हा!"

"त्यानेच तुमच्याकडून आणवून घेतला," शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या. "पोरीचा जीव राखला त्याने. असं अभद्र बोलू नये, काका."

दत्तोबा पुन्हा कचेरीत गेले. साहेब या वेळी उभे राहिले, हळहळले.

"पण आता तिथे देवस्थान झालंय. आम्हाला हात लावता येत नाही."

पुढे पत्र्याचं छप्पर आलं, घंटा आली. घंटा वाजली की चैताली खिडकी लावून घेते. दत्तोबा रोज वळणावर उभे राहून ओरडतात, "हात हँडलवर! समोर बघा!"

लोकांना वाटतं, हे इथले पुजारी. धावत्या गाडीवरून ते दत्तोबांनाही नमस्कार करतात.