सरपंचबाईंचे यजमान

विषय : सरपंचबाईंच्या यजमानांस दिलेली खुर्ची व चहा.
संदर्भ : माझी अक्कल.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सबंध नोकरीत असा घोळ मी दुसरा घातला नाही. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

मी तालुक्याच्या कचेरीत बाबू होतो. बायकांना राखीव जागा तेव्हा नव्यानेच मिळालेल्या. सरपंच बाई निवडून यायच्या, कारभार यजमान हाकायचे. बाईंना बाहेर बाकावर बसवायचं आणि यजमानांशी बोलायचं, ही आमची रीत. लेखी आदेश कुठेच नव्हता, म्हणून तर ती इतकी काटेकोर पाळली जायची!

एका दुपारी अशाच एक सरपंच, सुनंदाताई, आल्या. त्यांच्या गावच्या महिला ग्रामसभेने ठराव केला होता, प्रत्येक घरावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लागावं. पाचला आमचे साहेब सगळे प्रस्ताव घेऊन जिल्ह्याला, वर्ध्याला निघणार. त्यात हा ठराव नसला, की वर्षभर लटकला.

सोबत पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ. मी सवयीने ताईंना बाक दाखवला, गृहस्थांना खुर्ची दिली, चहा मागवला. ठरावासोबत सभेला हजर बायकांच्या सह्यांचा कागद जोडलेला नव्हता. तो पाचच्या आत का हवा, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. ते मान हलवत राहिले. इतका समजूतदार यजमान मी पाहिला नव्हता.

पावणेपाच झाले. म्हटलं, कागद कधी आणता?

"म्या कायले आणू, बाबूजी? म्या पुलगावचा ऑटोवाला. बाईले घेऊन आलो."

"मंग मान काऊन हलवून राह्यलते?"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं सांगून राह्यलते. नाई कसं म्हणू?"

मी बाकाकडे धावलो. ताईंनी पिशवीतून सह्यांचा कागद काढला. दुपारपासून तो तिथेच होता. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. साहेबांची जीप सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून ठराव आत सरकवला.

ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाबूजी, तुमचं घर कोणाच्या नावावर हाय?"

मी पाणी प्यायलो.

त्यांच्या गावात आज घरोघरी दोन नावं आहेत. त्या रस्त्याने गेलो की अजून तो बाक आठवतो, आणि कान गरम होतात. ताईंना उत्तर द्यायला निवृत्ती उजाडावी लागली. गेल्या वर्षी बायकोचं नाव लावण्याचा अर्ज मी आमच्या ग्रामपंचायतीत दिला. पंचायतीने तालुक्याच्या कचेरीचं मार्गदर्शन मागवलं. कागद सध्या माझ्याच जुन्या टेबलावर आहे.

तिथल्या बाबूला काम मीच शिकवलं होतं.

अर्ज प्रलंबित आहे.