खळीतलं मोरचूद

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. लपवून ठेवलं म्हणावं, तर कुणी कधी विचारलंही नाही. लग्न केलं नाही, भाऊ साताऱ्याला त्याच्या संसारात, आणि वाचनालयात दिवसभर ‘शांतता राखा’ अशी पाटी डोक्यावर टांगून बसणाऱ्या माणसाशी कोण कशाला गप्पा मारील? तेव्हा तुम्हीच ऐका. ऐकून काही करायचं नाही, फक्त ऐका.

मी ग्रंथपाल होतो. हा शब्द मला फार आवडायचा. साताऱ्याला कोर्स केला आणि सांगली जिल्ह्यात, विट्याच्या बाजूच्या एका गावात नोकरीला लागलो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. गावातले निम्मे पुरुष सोनंचांदी गाळायच्या गलाईच्या दुकानांवर, कुणी मद्रासला, कुणी कलकत्त्याला, काही फौजेत. गावात राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि ग्रामपंचायतीच्या मागं दोन खोल्यांचं हे वाचनालय. मी गेलो तेव्हा मला वाटलं, इथं कोण वाचणार?

वाचत होते. माझ्याआधीपासून वाचत होते, हेच मला पुढं नडलं.

त्याचं श्रेय चाचांचं. चाचा म्हणजे वाचनालयाचे बाइंडर. फाटकी पुस्तकं दाभणानं शिवायची, मैद्याची खळ शिजवून पुठ्ठा चिकटवायचा, वर कापड चढवायचं — हे काम ते आमच्या मागच्या ओसरीवर बसून करायचे. कापड विकत आणायला वाचनालयाकडं काय होतं? म्हणून ते गल्लीतल्या शिंप्याकडच्या चिंध्या आणायचे. मग घराघरांतून तुकडे येऊ लागले. झंपराचं उरलेलं, परकराचं, सुट्टीवर आलेल्या जवानाच्या जुन्या खाकी शर्टाचं. आणि चाचांनी एक रीत पाडली — ज्या घरचं कापड, त्या घराला ते पुस्तक पहिल्यांदा वाचायला. बस्स, एवढंच. आपल्या झंपराचं पुस्तक झालंय म्हटल्यावर कुठली बाई ते बघायला मागणार नाही? आणि एकदा घरात आलेलं पुस्तक कुणी ना कुणी उघडतंच. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्या सुनेकडून वाचून घ्यायच्या. नावं कुणाच्या लक्षात राहत नसत. निरोप यायचे ते असे — मागल्या खेपेला खाकी झालं, आता फुलाफुलाचं द्या. निळ्या चौकड्याचं मोकळं झालं का?

आता हे सांगताना मला किती गोड वाटतंय. तेव्हा मात्र अंगाची लाही व्हायची. मी विषयवार वर्गीकरण शिकून आलेला माणूस. पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक हवा, तालिकापत्र हवं, कपाटात ओळ कशी एकसारखी दिसली पाहिजे. आणि आमची कपाटं दिसायची दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. कुणी ‘निळ्या चौकड्याचं’ म्हटलं की मला वाटायचं, मी ग्रंथपाल नसून कापडदुकानातला गुमास्ता आहे. हसू नका. म्हणजे, हसा हवं तर.

चाचांचा मात्र मला राग नव्हता. उलट त्या गावात माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं. संध्याकाळी वाचनालय बंद केलं की आम्ही ओसरीवर बसायचो. ते खळीचं भांडं खरवडून धुवायचे, मी चहा सांगायचो. खळीत ते चिमूटभर मोरचूद घालायचे, तिला कीड लागू नये म्हणून. त्यानं त्यांच्या नखांच्या कडा कायम निळसर दिसत. निघताना रोज एकच विचारायचे — “मास्तर, जेवलासा का?” मी खानावळीत जेवायचो हे त्यांना माहीत होतं. तरी विचारायचे. मला दुसरं कुणी विचारत नव्हतं.

मग वाचनालयाचा वर्ग वाढवायची गोष्ट निघाली. सरकारचा नवा कायदा होऊन थोडी वर्षं झाली होती, वाचनालयांना वर्ग मिळत होते, वर्ग वाढला की अनुदान वाढणार, खेडोपाडी वाचन वाढणार, अशी हवा होती. मीही त्या हवेत होतो, खरंच होतो. दिवाळीनंतर तपासणीला साहेब येणार असं कळलं. लोखंडी कपाटं आली. कोरी पुस्तकं आली. त्यांचा वास घेत मी कितीतरी वेळ बसलो होतो. आणि मग जुन्या पुस्तकांकडं पाहिलं. नव्या कपाटाच्या काचेआड ती फुलंफुलं आणि त्या चौकड्या... साहेब काय म्हणतील? हे वाचनालय आहे की गोधड्यांचं दुकान?

पुस्तकं बाद करायची एक रीत असते. फाटून कामातून गेलेली वेगळी काढायची, समितीपुढं ठेवायची, ठराव करायचा. मी समितीपुढं गेलो नाही. गेलो असतो तर ठराव झालाच नसता. अध्यक्ष होते अण्णा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. दोन-तीन खाकी पुस्तकं त्यांच्याच घरच्या कापडाची होती.

दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी, गाव फराळ करून सुस्तावलेलं असताना मी एकट्यानं ती सगळी पोत्यांत भरली. सांगलीला रिकामा चाललेला एक ट्रक गाठला आणि तिकडच्या रद्दीवाल्याकडं धाडून दिली. गावातल्या वाण्याला दिली असती तर शेंगदाण्याच्या पुडीवर कुणीतरी ओळखली असती. बघा, एवढा विचार मी केला होता. भरताना एक उघडून पाहिलं होतं. शिवण ताठ होती. पान एक सुटलेलं नव्हतं. तरी मी ते पोत्यात टाकलं.

अण्णांनी विचारलंच, “जुनी पुस्तकं कुठं गेली रं?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं — वाळवी लागली होती. पसरायच्या आत काढून टाकली.

मला तेव्हा वाटलं, काय छान सुचलं. कारण वाळवीची बाजू घ्यायला कोण येतंय? कुणाचं नाव नाही, कुणावर आळ नाही. अण्णांनी पाठ थोपटली. वेळेवर ध्यान दिलं म्हणाले. मी त्या शाबासकीवर दोन दिवस मजेत होतो.

तिसऱ्या दिवशी चाचा आले.

इथवर मी तुम्हाला जे सांगितलं ते तसं किरकोळ. पोरवयातला आगाऊपणा म्हणून सोडून देता आलं असतं — नव्हे, मी सोडूनही दिलं असतं. सांगायचं आहे ते यापुढचं, आणि तेवढ्यासाठीच मी इतका वेळ कपाटांचं नि कापडांचं पाल्हाळ लावलं.

चाचा आत आले नाहीत. चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. एरवी ते सरळ ओसरीवर जाऊन बसायचे. अण्णांनी त्यांना वाळवीचं सांगितलं होतं. ते बराच वेळ नव्या कपाटांकडं बघत होते. मला वाटलं, आता हे विचारणार की कुठं टाकलीत, दाखवा. त्यांनी तसलं काही विचारलं नाही. त्यांना माझी शंका आलीच नव्हती. त्यांना स्वतःची शंका आली होती.

म्हणाले, “मास्तर, दुष्काळात मोरचूद लय जपून वापरलं मी. खळीत कमी पडलं आसंल का?”

सांगा, काय अवघड होतं? ‘नाही चाचा, तुमच्या खळीत काही खोट नव्हती.’ एवढं बोलायला किती वेळ लागतो? माझी चोरी कबूल करायचीही गरज नव्हती. वाळवी जमिनीतून आली, भिंतीतून आली, काहीही म्हणता आलं असतं. एक खोटं बोललोच होतो, त्याच्या जोडीला आणखी एक बोलून त्या माणसाला सोडवता आलं असतं. पण मला एकदम दिसलं की हे आयतंच चालून आलंय. खळीत मोरचूद कमी पडलं — कारणासकट गोष्ट पुरी झाली. आता कुणी काही विचारणार नाही.

मी म्हणालो, “असेल.”

हाच तो माझा गुन्हा. एक शब्द. पुस्तकं रद्दीत घातली त्याचं मला आता एवढं काही वाटत नाही.

त्यांनी मान हलवली. “व्हय, माजीच चूक,” म्हणाले आणि चपला घालून गेले. ‘जेवलासा का’ विचारलं नाही.

पुढं जे झालं ते मी बसल्या जागेवरून पाहिलं. चाचा घरोघर गेले. आपण बांधलेली पुस्तकं, शाळेतली, मशिदीतली, देवळातल्या पोथ्यासुद्धा, मागून घेऊन पुठ्ठ्याच्या कडा उचकटून पाहू लागले. कुठंच काही नव्हतं, कसं असणार? पण बघणाऱ्याला एवढंच दिसलं की बाइंडर स्वतःच घाबरलाय. शाळेनं काम द्यायचं बंद केलं. त्यांच्या खळीनं वाळवी येते, असं गावात झालं. कुणी वाकडं बोललं नाही त्यांना, वाकडं बोलण्याजोगा तो माणूसच नव्हता. फक्त काम येईना. आणि आलं असतं तरी त्यांनी घेतलं नसतं. माजा हात आता पुस्तकाला लावायचा न्हाई, असं ते अण्णांना म्हणाले होते. अण्णांनी मला ते हळहळून सांगितलं. मीही हळहळलो. मला हळहळता येतं चांगलं.

तपासणी झाली. वर्ग वाढला. मला शालनारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या. कपाटांत पुस्तकं एका ओळीत, पाठीवर क्रमांक. ‘फुलाफुलाचं द्या’ असा निरोप आला की मी सांगायचो, तालिका बघा, क्रमांक सांगा. हळूहळू निरोप यायचे थांबले. बायकांनी भांडण केलं नाही, बस्स, मागवायचंच सोडलं. मी वर कळवलं की वाचकांची अभिरुची बदलत आहे.

ओसरी रिकामी पडली. संध्याकाळी मी कुलूप लावायचो आणि तिथंच थोडा वेळ थांबायचो. चहा सांगायचो नाही, एकट्यासाठी काय सांगायचा? चाचांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी एकदा गेलो होतो. ते दारात बसलेले दिसले, हात मांडीवर ठेवून, नुसतेच. मी तिथून मागं फिरलो. नोकरी जाईल अशी भीती होती का? होती थोडी. पण खरं सांगू, त्यांनी मला माफ केलं असतं याची जास्त भीती होती. मग मी कुठं तोंड लपवलं असतं?

पुढं ते गाव सोडून सांगलीला पुतण्याकडं गेले. मला कळलं तेव्हा मी मोकळा श्वास घेतला. हेही सांगून टाकतो.

आता शेवटचं. काही वर्षांनी सांगलीला ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांचं शिबिर होतं. खेड्यात वाचनाची गोडी कशी लावावी, यावर माझं भाषण होतं. हो, माझंच. स्टँडवरून चालत निघालो होतो, तर एका सायकलच्या दुकानापुढं कुणीतरी हाक मारली — “आवं मास्तर!” चाचा होते. समोर पाण्याचं घमेलं, हातात ट्यूब, पंक्चर काढत बसलेले. उठायला लागले, मीच त्यांना बसवलं. केवढा आनंद झाला होता त्यांना! सगळ्यांची चौकशी केली, अण्णांची, शिंप्याची. वाचनालयाला आता कोणता वर्ग, तेही विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पुन्हा लागली न्हाई ना वाळवी?”

मी म्हणालो, “नाही.”

त्यांचा चेहरा असा काही सैल झाला. “लय घोर हुता जिवाला,” म्हणाले. “नवी बुकं बी माज्यापायी जात्यात का काय म्हनून.” आणि मला बरं वाटावं — मला! — म्हणून त्यांनी हातातली सोल्युशनची नळी वर धरून दाखवली. “ह्ये बेस हाय बगा मास्तर. रबराला वाळवी न्हाई लागत.”

आणि हसले. दुकानातली माणसंही हसली.

मीही हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं.