काचेवरची ऊब

गोठलेल्या काचेवरून वायपर फिरतो तेव्हाची ती खरखर! कोरड्या पाटीवर नख ओढावं तसा शहारा आणणारा तो आवाज अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या सुरुवातीच्या हिवाळ्यांचा स्थायी स्वर होता. बर्फाचं सौंदर्य चित्रांत पुष्कळ पाहिलं होतं; तोच बर्फ वायपरच्या रबराला चिकटून बसतो आणि समोरची सारी सृष्टी पुसट करून टाकतो, हे मात्र कुणी चितारलं नव्हतं.

आम्ही उष्ण देशातली माणसं. थंडीवर आमचा उपाय एकच, कढत पाणी! माझ्या नवऱ्याने, श्रीधरने, पहिल्याच हिवाळ्यात पातेलंभर पाणी उकळून मोठ्या आत्मविश्वासाने गाडीच्या काचेवर ओतलं आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. मोटारींचा इंजिनिअर असलेल्या माणसाने हे करावं! पण संस्कार शिक्षणाहून जुने असतात, नाही का?

पुढे मला शहराबाहेरच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. सकाळची पाळी, मोकळ्या शेतांमधून जाणारा रस्ता, आणि मी गाडी शिकले होते ती नुकतीच, उन्हाळ्यात. “विंटरभर मी ड्रॉप करत जाईन तुला,” श्रीधर म्हणाला. “मग मी लायसन्स कशाला काढलं?” मी विचारलं. प्रश्न गाडीचा नव्हताच. परदेशात येऊन घरात कोंडलेल्या मला स्वतःच्या बळावर कुठेतरी पोहोचायचं होतं. आणि मी घसरले तर, या कल्पनेने त्याची झोप उडाली होती. दोघांचंही खरं होतं, म्हणून वाद मिटत नव्हता.

मग एका रविवारी तो गॅरेजमध्ये शिरला. त्याने नवे वायपर आणले होते. पात्यात बारीक तार, ती बॅटरीला जोडलेली. बटण दाबलं की पातं तापतं आणि बर्फ त्याला धरत नाही. दिवसभर बोटं गारठवून त्याने ते माझ्या गाडीला बसवले आणि “झालं” एवढंच म्हणाला. त्याचा होकार असाच असे.

पहिल्या मोठ्या हिमवर्षावात मी एकटी निघाले. काचेच्या कडा पांढऱ्या होत गेल्या, पण समोरची दोन अर्धवर्तुळं नितळ राहिली. पुढचा रस्ता दिसावा, एवढं सुख माणसाला किती पुरतं! भीती ओसरली, तशी मी आरशात पाहण्याइतकी निर्धास्त झाले. मागे एक तपकिरी गाडी होती. तिचे वायपर बर्फाने थिजलेले, काच पांढरीफटक. आणि खिडकीतून बाहेर काढलेलं एक डोकं, त्यावर सासूबाईंनी विणून पाठवलेली किरमिजी माकडटोपी. श्रीधरचं ऑफिस अगदी उलट दिशेला होतं.

मी थांबले नाही. थांबले असते तर तो ओशाळला असता, आणि माझं एकटीचं पोहोचणंही अर्धंच राहिलं असतं. मी इस्पितळाच्या आवारात वळले, तशी ती गाडी सावकाश मागे फिरली. संध्याकाळी त्याचं नाक लाल होतं. मी आलं घालून चहा केला.

शनिवारी मी तसल्याच वायपरची आणखी एक जोडी आणून त्याच्यापुढे ठेवली. “माझ्या गाडीला कशाला?” तो म्हणाला. “तुझा रस्ता लांबचा आहे,” मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला.

त्यानंतर ती खरखर आमच्या सकाळींमधून गेली. दोन्ही गाड्या बरोबरच निघत. पहिल्या चौकापर्यंत तो माझ्या आरशात दिसे. मग तो वळे, आणि मी सरळ जाई.