हौस, आग्रह आणि मागचं दार

आमच्या घरात जबरदस्ती हा शब्द कुणी वापरत नाही. त्याचं काम भागवायला दुसरे पुष्कळ आहेत. हौस, आग्रह, गळ, रीत. एवढ्यानंही माणूस वळला नाही, तर ‘माझ्यासाठी एवढंही करणार नाहीस?’ माझी धाकटी बहीण हे सगळे वापरते आणि वर म्हणते, तिचा स्वभाव मवाळ आहे.

माझ्या मुलीनं कोर्टात लग्न केलं. जावई भोपाळचाच, हिंदी बोलणारा. दोघं पहिल्यांदा जेवायला येणार होती. आदल्या दिवशी मुलीनं फोनवर बजावलं, “बाबा, दारात अडवून उखाणा घ्यायला लावलंत, तर आम्ही तिथूनच परत जाऊ.” मी शब्द दिला. बहिणीला तसं कळवलंही.

तरी ती शिवाजी नगरहून सकाळीच आली, आणि आमच्या तुलसी नगरच्या क्वार्टरच्या चौकटीत हात पसरून उभी राहिली. मी दोघांना घ्यायला फाटकापाशी गेलो होतो, त्यामुळे मीही बाहेरच अडकलो.

“नाव घ्या, मगच आत.”

“आत्या, नको.”

“अगं, हौस आहे माझी.”

“तुझी ना? मग तूच घे.”

बघायला जमलेल्या शेजारणी हसल्या, तशी बहीण बिथरली. “रीत आहे ती!”

“बुआजी, मैं कुछ बोल दूँ?” जावई म्हणाला. मुलीनं नुसतं पाहिलं. तो एक पाऊल मागे सरकला.

“ही जबरदस्ती झाली,” मी म्हणालो.

“जबरदस्ती पोलीस करतात, दादा. मी आत्या आहे.”

मुलगी वळली आणि चालू लागली. ती बोलते तसंच करते. त्या दिवशी गेली असती, तर पुन्हा कधी आली असती, सांगता येत नाही.

सरकारी क्वार्टरला मागचं दार असतं. मी फाटकापाशी दोघांना गाठलं, घराला वळसा घातला आणि वाळत टाकलेल्या चादरींखालून वाकवत स्वयंपाकघरात आणलं. बायकोनं काही न विचारता पानं वाढली. पुढच्या दारात बहीण एकटीच हात पसरून घर राखत होती.

आतलं हसणं ऐकून ती आली. “मला भूक नाही,” असं सांगून फ्रिजला टेकून उभी राहिली. आता तिला तीनदा तरी आग्रह व्हायला हवा होता.

“आत्या, तुझं पान मांडलंय. बसायचं तर बस,” मुलगी म्हणाली आणि पुरीकडे वळली.

बहीण थांबली. आणखी थोडी थांबली. “कुणी नीट म्हणणार आहे की नाही?”

कुणीच म्हणालं नाही. शेवटी तिनं मुलीशेजारची खुर्ची ओढली.

“सरक,” ती म्हणाली.

मुलगी सरकली.