काकाच्या मरणाचं कार्ड

सर्व लहानथोरांस कळविण्यास अत्यंत खेद होतो, की आमच्या घराण्यात एक खून झाला असून तो माझ्या वडिलांनी केला आहे. निदान वडिलांचा तरी दहा वर्षं तसा पक्का समज होता.

साल बहात्तरच्या दुष्काळाचं. लातूरजवळच्या आमच्या गावी विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं घागर भरावी लागे. पाळी कुणाची, यावरून वडील आणि त्यांचा चुलतभाऊ भिडले. मी तेव्हा मिसरूड फुटलेला. कठड्याला टेकून सगळं पाहिलं आणि, खोटं कशाला बोलू, फार रंगलं होतं. काकानं वडिलांचे पुढचे दोन दात पाडले. वडिलांनी त्याच्या मनगटाचा लचका तोडला, थुंकला आणि कुऱ्हाड उलटी करून तिचा बोथट तुंबा टाळूत घातला. चिखल लाल झाला. काका एकटा जीव. डोक्याला धोतर गुंडाळलं आणि आमच्या सात पिढ्या उद्धरत नांदेडच्या वाटेला लागला.

महिन्याभरात पोस्टमननं उंबऱ्याबाहेरूनच एक कार्ड वाचून दाखवलं. कोपरा फाडलेला, वर 'अशुभ'. डोक्याची जखम चिघळून आपले बंधू वारले. असलं कार्ड वाचून तिथंच फाडायचं असतं. वडिलांचा हात धजला नाही. त्यांनी ते ट्रंकेच्या तळाशी घातलं. पुढं खाकी कपडा दिसला की, एसटीचा कंडक्टर का असेना, त्यांना दरदरून घाम फुटायचा.

मग दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. गावात गुलाल, हलगी. वडील भरल्या ताटावरून उठले.

"पोलिसांचा मोठा साहेब धाराशिवला होता तवर निभलं. आता हितंच बसणार त्यो. जातो अन् सांगून टाकतो, मीच मारला म्हणून."

"जेवून तरी जा," आई म्हणाली.

त्यांनी कार्ड काढून माझ्या हाती दिलं. साहेबाला वाचून दाखवायला. त्यांना स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं. काका पूर्वी नांदेडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तेव्हाची त्याची कार्डं भिंतीवरच्या तारेत अडकवलेली होती. मला काय लहर आली, ती काढून शेजारी ठेवली. तीच जांभळी पेन्सिल. तीच, उजवीकडं कलंडत जाणारी अक्षरं. काकानं स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच कळवली होती! शिक्का माहूरचा.

दुसऱ्या दिवशी वडिलांना नांदेडमार्गे माहूरला नेलं. देवीच्या पायऱ्यांखाली तिसऱ्याच दुकानात काका सापडला. पोट सुटलेलं, टाळूवर बोटभर खाच, समोर कुंकवाच्या राशी, आणि खलबत्त्यात तांबूल कुटणं चाललेलं.

"दादा? या की. लई दिसांनी!"

वडील काकाचा हात धरून लेकरासारखे रडले. "म्हंजी मी न्हाई मारलं तुला?"

"न्हाई की. तुमी झुरावं म्हणून धाडलं व्हतं."

वडिलांनी डोळे पुसले, बत्ता उचलला आणि काकाच्या नाकावर हाणला. राशी उधळल्या. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, कळेना. काकाच्या अंगात आलंय असं वाटून एका म्हातारीनं हात जोडले. मी वडिलांच्या कमरेला मिठी मारली होती, पण फार जोर लावला नाही. मानगूट धरून ते ओरडले,

"अरे मुडद्या, घोटभर पाण्याला महाग झालो व्हतो, अन् तुझ्या नावानं घरातल्या सात जणांनी डोक्यावरून आंघोळी केल्या!"