हरसूलच्या भाकऱ्या

हरसूलला एका अनोळखी घरात मी तिघांच्या भाकऱ्या एकट्याने संपवल्या. परवा दिवसभर वणवण करून गंगापूर रोडने घरी येताना एका हॉटेलातून नागलीच्या भाकरीचा खरपूस वास आला आणि ती दुपार आठवली.

तेव्हा मी पाण्याचे पंप विकत गावोगाव फिरायचो. भातलावणीचे दिवस होते. शेतावरून नुकत्याच परतलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने मला जेवायला बसवलं. काळपट गरम भाकरी, खुरासणीची चटणी. घरी पोळ्या खाऊन वाढलेला मी, नागली पहिल्यांदाच चाखत होतो. मग सुटलोच. टोपली पुढ्यात ठेवली म्हणजे सगळी आपलीच, असा माझा हिशेब. पाहुण्याचं झाल्यावर त्यातूनच घरचे जेवणार, हे टोपलीचा तळ दिसल्यावर कळलं. आजी चिखलाचे पाय पसरून, भिंतीला टेकून माझ्या हाताकडे बघत होत्या. मला वाटलं होतं, कौतुकाने बघतायत. आता स्वतः दमून घरी येतो, तेव्हा ती नजर बरोबर कळते.

"आजी, चुकलंच माझं," मी पुटपुटलो.

त्यांनी पिठाचा डबा पायानेच माझ्याकडे सरकवला. "खायला जमतंय ना पाव्हण्या, मग थापायलाबी जमंल. मी नाय उठत आता."