तुकोजी खलाशाची तिथी

आमचे वडील, नाना, कशालाही घाबरत. पोलिसाला, सुईला, आणि पाण्याला तर फारच. ओंकारेश्वरला सगळे नर्मदेत डुबक्या मारत. नाना काठावर बसून तांब्याने अंघोळ करत. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या गिरणीत तीस वर्षं काढली, तरी भोंगा वाजला की दचकायचेच. खलाशाचा मुलगा आणि पाण्याला भितो, म्हणून मी त्यांना हसायचो.

त्यांचे वडील तुकोजी, मालवणचे. नाना चार वर्षांचे असताना मुंबईला बोटीवर चढले, ते परत आलेच नाहीत. घरच्यांनी बारा वर्षं वाट पाहिली आणि रिवाजाप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. १९०६ साल. अग्नी सोळा वर्षांच्या नानांनीच दिला. पण मरणाची तिथी माहीत नाही, म्हणून दरवर्षी श्राद्ध सर्वपित्रीला. इंदूरला आल्यावरही ही चुटपुट त्यांना लागून राहिली होती.

बावन्न साली मी मध्य भारत सरकारच्या कचेरीत कारकून होतो. अंगात मस्ती होती. म्हटलं, मी आणतो तिथी! मुंबईच्या आगबोट कंपनीला तीन अर्ज ठोकले. चौथ्या महिन्यात जुन्या नोंदींची नक्कल आली. मी दीडशहाणा, आधी स्वतः वाचायची सोडून पाकीट नानांसमोरच फोडलं आणि मोठ्याने वाचू लागलो.

पहिली बोट १८९४. मग दुसरी, तिसरी. शेवटची नोंद, १९०८, रंगूनला उतरले. मृत्यूची नोंद नाही.

"कोणतं साल म्हणालास?"

"आठ."

"सहा साली तर मी... दिवाकर, मी जिंदा बापाला आग लावली रे."

माझी बोबडीच वळली. "पानांचा पुतळा होता तो, नाना. त्यांना काय मालूम?"

नानांनी कागद ओढून घेतला. इंग्रजी येत नव्हतं. बोट ठेवून एकेक रकाना विचारू लागले. एक रकाना जवळच्या नातलगाचा होता. तिथे खोटं बोलायला हवं होतं, पण भीतीने मला सुचलंच नाही. १९०५ पर्यंत प्रत्येक बोटीवर एकच नाव होतं, मुलगा बाळकृष्ण, मालवण. म्हणजे आमचे नाना.

"आणि आठ साली?"

"कोणी नाही, असं लिहिलंय."

नानांनी त्या ओळीवरचं बोट उचललं नाही.

"मालवणची माणसं सगळ्या बोटींवर होती," ते म्हणाले. "कोणीतरी सांगितलंच असणार त्यांना. क्रिया झालेला माणूस घरी कसा येणार?"